कमी वेगाच्या ई-सायकलींसाठी न्याय्य नियम हवेत : निवेदनात नेमके काय मागावे?

पौडफाटा :

नमस्कार.

आमच्या भागातील काही नियमित सायकलस्वार, दोन-तीन ज्येष्ठ नागरिक आणि ई-सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या काही महिला यांचा एक लहानसा गट आहे. कमी वेगाच्या विजेच्या दुचाकींविषयी शासनाला निवेदन द्यावे असे आमचे ठरले असून मसुद्याचे काम माझ्याकडे आले आहे. रस्त्यात अडवू नका, एवढीच मागणी केली तर ती कोणीही गांभीर्याने घेणार नाही, म्हणून जाणकारांचे मत मागत आहे.

आधी माझ्या समजुतीप्रमाणे आजची स्थिती सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २ च्या ‘यू’ खंडानुसार, ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटरची ‘तीस मिनिटांची शक्ती’ ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे, ते वाहन ‘मोटार वाहन’ मानले जात नाही. पायडल मारताना मोटरची जोड मिळणाऱ्या सायकलींचा तेथे वेगळा उल्लेख आहे. त्यांच्या मोटरचे बळ वेग वाढेल तसे कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा स्वाराने पायडल थांबवल्यास त्याआधीच, पूर्ण बंद झाले पाहिजे. शिवाय योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक असला पाहिजे. या अटी पाळणाऱ्या वाहनाला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही.

हे कागदावर सुटसुटीत आहे. रस्त्यावर मात्र आमच्या गटातील एका ताईंची पायडलची ई-सायकल चौकात थांबवून त्यांच्याकडे ‘गाडीचे पेपर’ मागण्यात आले. ज्या वाहनाला कागदपत्रे लागतच नाहीत, त्याची कागदपत्रे दाखवायची कशी? त्यांच्याकडे खरेदीची पावती होती, पण पावतीवर ना मोटरची शक्ती होती, ना कुठल्या चाचणीचा क्रमांक. सायकल संध्याकाळी परत मिळाली. डबे त्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्याच रस्त्यावरून, दिसायला स्कूटरसारखी आणि ताशी ४५-५० ने पळणारी, क्रमांकाची पाटी नसलेली वाहने बिनदिक्कत जातात, हेही मला मान्य केले पाहिजे.

माझे प्रश्न असे आहेत. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादा वाढवून मागाव्यात का? या वाहनांना एखादी ओळखपाटी देण्यास आपण विरोध करावा की आपणच ती मागावी? आणि हे निवेदन राज्याच्या परिवहन विभागाला द्यायचे की केंद्राच्या मंत्रालयाला?

---

उलटतपासणी :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मागणी कोणाकडे करायची हे न ठरल्यामुळे अनेक निवेदने आवक-जावक नोंदवहीतच संपतात.

तुम्ही उद्धृत केलेली व्याख्या केंद्राच्या नियमांत आहे. त्यामुळे २५० किंवा २५ या आकड्यांना राज्य शासन हात लावू शकत नाही. ते काम रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाचे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २१२ प्रमाणे नियम करण्यापूर्वी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर हरकती व सूचना घेतल्या जातात. तुमच्या निवेदनाचा केंद्रासाठीचा भाग अशा सूचनेच्या भाषेतच लिहावा, म्हणजे ‘अमुक खंडानंतर पुढील परंतुक जोडावे’ असा. अंमलबजावणी मात्र राज्याच्या हातात आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकवर कारवाईचे आदेश दिले होते. तपासणी कोणाची, कशी आणि कुठे करायची हे अशाच आदेशांतून ठरते. तेव्हा तपासणीची पद्धत राज्याकडे मागा, व्याख्येतील बदल केंद्राकडे मागा, आणि सायकल मार्गांचा विषय महानगरपालिकेकडे न्या. तीन पत्रे लिहावी लागली तरी हरकत नाही, पण एकाच पत्रात तिन्ही मागण्यांची खिचडी करू नका.

आता गाभ्याचा मुद्दा. नियमातील सवलत ‘अटी पूर्ण आहेत’ म्हणून आपोआप मिळत नाही. नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेने त्या पडताळलेल्या असाव्या लागतात. पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी या त्यांपैकीच दोन संस्था. हे प्रमाणपत्र वाहनाच्या मॉडेलला मिळते आणि ते उत्पादकाच्या कपाटात राहते. ग्राहकाला त्याची प्रत दिलीच पाहिजे, असे बंधन या नियमात दिसत नाही. याचा परिणाम असा की सवलतीचा पुरावा एकाच्या ताब्यात आहे आणि तो दाखवण्याची वेळ दुसऱ्यावर येते. तुमच्या ताईंच्या बाबतीत झाले ते हेच. चौकातील शिपायाने सौजन्य दाखवले असते तरी त्यांच्या सायकलची मोटर किती शक्तीची आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क मध्ये नियमबाह्य वाहन विकणाऱ्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणजे विक्रेत्यावर अधिक जड हात ठेवण्याची तरतूद कायद्यात आजच आहे. प्रत्यक्षात पकडला जातो तो स्वार, कारण तो रस्त्यावर असतो आणि विक्रेता दुकानात.

---

हबमोटर :

माझे दुरुस्तीचे दुकान इचलकरंजीत आहे. पायडलच्या ई-सायकली आणि बिनपाटीच्या स्कूटर दोन्ही माझ्याकडे येतात, म्हणून दुकानाच्या बाजूचे थोडे सांगतो.

‘उलटतपासणी’ या वकीलसाहेबांनी ‘फेरफार’ हा शब्द वापरला आहे, पण बऱ्याच वाहनांत त्यासाठी हत्यारसुद्धा लागत नाही. कंट्रोलरमधून, म्हणजे मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणाऱ्या खोक्यातून, एक जादा वायर बाहेर आलेली असते. ती जोडलेली असेल तर वेग २५ च्या आत राहतो, सोडवली की मर्यादा गेली. काही मॉडेलमध्ये हेच काम डिस्प्लेच्या मेनूत जाऊन होते. गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी विचारते, ‘लॉक काढून देता का?’ आणि अनेकदा गाडी विकतानाच दुकानदाराने ते काढून दिलेले असते. याला ग्राहकाची चलाखी म्हणणे मला पटत नाही. ज्या यंत्राचे कुलूप एका बोटाने निघते, ते तसे निघावे म्हणूनच तसे बनवलेले असते.

या वाहनांची विक्री करायला मोटार वाहन विक्रेत्याला लागते तसे व्यवसाय प्रमाणपत्र लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही. त्यामुळे मोबाईलच्या दुकानात, फर्निचरच्या दुकानात, कुठेही ही विकली जातात, आणि वर ‘लायसन्स नको, पासिंग नको, स्पीड ४५’ अशी पाटी लागते. या तीन गोष्टी एकाच वाहनात कायद्याने असूच शकत नाहीत, हे पाटी लावणाऱ्यालाही माहीत असते.

निवेदनात माझ्यासारख्या दुरुस्ती करणाऱ्यांचाही विचार व्हावा. जुना कंट्रोलर जळाला की बाजारात मिळेल तो बसवावा लागतो, आणि मिळतो तो बहुधा जास्त शक्तीचा. उत्पादकाने मूळ मापाचे सुटे भाग काही वर्षे उपलब्ध ठेवले पाहिजेत, नाहीतर प्रामाणिक माणसाची सायकलसुद्धा दोन-तीन वर्षांत नियमाबाहेर जाते.

---

पदपथी :

आतापर्यंतची सर्व चर्चा चालवणाऱ्यांच्या बाजूची आहे, म्हणून पायी चालणाऱ्याचे म्हणणे मांडतो.

मी ७१ वर्षांचा आहे. ही वाहने आवाज करत नाहीत, पदपथावरून येतात, उलट दिशेने येतात, आणि चालवणारा पुष्कळदा सातवी-आठवीतला मुलगा असतो. धक्का लागला तर क्रमांक नसल्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध करायची हेच कळत नाही. स्कूटरने ठोकरले तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते आणि विमा कंपनी भरपाई देते. या वाहनाला विमा नाही आणि ते मोटार वाहन नाही म्हणून न्यायाधिकरणही नाही. दिवाणी न्यायालयात जाण्याचे माझे वय राहिलेले नाही.

मग सगळ्यांना सरसकट आरटीओची नोंदणी, परवाना आणि विमा का लावू नये? ‘न्याय्य नियम’ म्हणजे फक्त चालवणाऱ्याला सोयीचे नियम असा अर्थ असेल, तर अशा निवेदनावर माझ्यासारखे लोक सही करणार नाहीत. आमच्या तरुणपणी साध्या सायकललासुद्धा नगरपालिकेचा बिल्ला लागत असे आणि रात्री दिवा नसला तर हवालदार चाकातील हवा सोडत असे. त्याने कोणाचे सायकल चालवणे थांबले नव्हते.

---

चढउतार :

पदपथी काकांचा आक्षेप मोलाचा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर थोड्या गणितात सापडते. व्यवसायाने मी यांत्रिकी अभियंता आहे.

धडकेत इजा किती होईल, हे वाहनाच्या गतिज ऊर्जेवर अवलंबून असते, आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. स्वारासह १०० किलोची पायडल ई-सायकल ताशी २५ किलोमीटरने जात असेल, तर ती ऊर्जा सुमारे २,४०० ज्यूल भरते. लॉक काढलेली स्कूटर दोघांसह १८० किलोची धरली आणि वेग ताशी ५० धरला, तर तोच आकडा १७,००० च्या पुढे जातो. म्हणजे सातपट. आज चौकातील शिपायाच्या नजरेत ही दोन्ही ‘बिनपाटीची ई-बाइक’ आहेत. दोघांना एकच नियम लावला, तर तो पहिल्यावर अन्याय करील किंवा दुसऱ्याला मोकाट सोडील. आज दोन्ही घडते आहे.

आता २५० वॉटचा प्रश्न. पुण्यात पाच टक्के चढ सहज भेटतो. वाऱ्याचा रोध सोडून देऊन हिशेब केला, तर १०० किलोचे वजन अशा चढावर नेण्यासाठी घर्षण धरून साधारण ५५ ते ६० न्यूटन बळ लागते. मोटरचे २५० वॉट आणि स्वाराच्या पायांचे ७५ वॉट मिळून तेथे ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. पायडलच्या सायकलीला हे पुरेसे आहे. याउलट पायडल न मारता केवळ थ्रॉटलवर, म्हणजे मूठ पिळून, चालणाऱ्या, दोघांना बसवलेल्या, दीडशे किलोंच्या वाहनाचा वेग त्याच चढावर ताशी दहा किलोमीटरपर्यंत उतरतो. मागची वाहने भोंगे वाजवतात आणि मालक दुसऱ्याच दिवशी मोठी मोटर बसवायला जातो. त्या वाहनप्रकाराची शक्ती आणि त्याच्याकडून घेतले जाणारे काम यांचा मेळच बसत नाही. त्यात नियमातील मर्यादा ‘तीस मिनिटांच्या शक्ती’ची आहे, म्हणजे मोटर अर्धा तास सलग देऊ शकेल त्या शक्तीची, चढावर काही क्षण त्याहून अधिक जोर मिळण्याला तिची आडकाठी नाही. तेव्हा पायडलच्या सायकलींसाठी मर्यादा वाढवून मागण्यात मला अर्थ दिसत नाही. मागितली तर आपली मागणी नेमकी त्या पळणाऱ्या स्कूटरवाल्यांच्या कामी येईल.

युरोपीय संघाने ही विभागणी केव्हाच केली आहे. तेथे २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरला मोटर बंद होणाऱ्या पायडल ई-सायकली दोन-तीनचाकी मोटार वाहनांच्या मंजुरीविषयीच्या २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या विनियमातून वगळल्या आहेत, आणि वेगवान सायकली मोपेडच्या वर्गात टाकल्या आहेत. जर्मनीत ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जोड देणाऱ्या सायकलीला विम्याची पाटी, परवाना आणि हेल्मेट लागते. ब्रिटनमध्ये मर्यादा जवळपास आपल्यासारखीच आहे, पण चालवणाऱ्याचे वय किमान १४ हवे. आपल्याकडे या वर्गाला वयाची अटच नाही, आणि काकांना दिसणारा सातवीतला मुलगा याच फटीतून रस्त्यावर येतो. चीनने तिसरी वाट धरली. २०१९ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय मानकात ताशी २५ किलोमीटर, ४०० वॉट आणि ५५ किलो वजनाची मर्यादा घातली, वेगाच्या नियंत्रणात सहज फेरफार करता येऊ नये अशी अट घातली, आणि या वाहनांना मोटारींच्या नोंदणीहून वेगळी, साधी पाटी दिली. कोट्यवधी वाहने असलेल्या देशाला ओळखपाटी देता येते आणि परवान्याशिवाय चालवूही देता येते, हे यावरून दिसते.

जाता जाता एक. मंदगती वाहनांवर आपल्या धोरणाची खप्पामर्जी जुनी आहे. केंद्राच्या फेम-२ योजनेत विजेच्या दुचाकीला अनुदान मिळण्यासाठी कमाल वेग किमान ताशी ४० किलोमीटर आणि पल्ला किमान ८० किलोमीटर असावा अशी अट होती. म्हणजे सर्वांत कमी वीज खाणारे आणि सर्वांत कमी धोक्याचे वाहन अनुदानाबाहेर राहिले, आणि त्याच्या उत्पादकाला फक्त स्वस्ताईवर स्पर्धा करावी लागली. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये ई-सायकलींना स्वतंत्र अनुदान जाहीर केले होते. महाराष्ट्राकडे तशी मागणी करायला तो दाखला उपयोगी पडेल.

---

उलटतपासणी :

काकांना एक खुलासा देतो. लॉक काढलेले वाहन सवलतीच्या अटीत बसत नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहनच ठरते. फक्त नोंदणी आणि विमा नसलेले. अशा वाहनाने धडक दिली तर न्यायाधिकरणाचे दार बंद नसते. भरपाई मात्र मालकाच्या खिशातून वसूल करावी लागते, आणि मालक शोधायला क्रमांक नसतो. खऱ्या मंदगती सायकलीच्या बाबतीत तुमचे म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. सक्तीच्या विम्याऐवजी उत्पादकाने वाहनासोबतच काही वर्षांचे तृतीय पक्ष संरक्षण द्यावे, असा पर्याय मागता येईल. इतक्या कमी धोक्याच्या वाहनाचा हप्ता फार असू नये.

सरसकट आरटीओ नोंदणीला मात्र माझा विरोध आहे. नोंदणी आली की परवाना येतो, मग नूतनीकरण, मग दलाल. जी बाई डबे पोहोचवण्यासाठी ई-सायकल घेते, तिच्याकडे परवाना नाही म्हणूनच तिने ती घेतलेली असते.

आणि दुकानाच्या पाटीवरच्या ‘स्पीड ४५’ बद्दल. ती जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी ठरू शकते आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. त्यासाठी परिवहन विभागाची वाट पाहण्याची गरज नाही. अशा पाट्यांची छायाचित्रे आणि पावत्या गोळा करायला आजच सुरुवात करा.

---

पौडफाटा :

सर्वांचे आभार. शक्ती आणि वेग वाढवण्याची मागणी मसुद्यातून काढून टाकत आहे. पदपथी काकांच्या बिल्ल्यावरून मुख्य मागणीला आकार मिळाला. तो परिच्छेद सध्या असा लिहिला आहे. शब्द तपासून द्यावेत :

‘पायडल मारल्यावरच मोटरची जोड देणाऱ्या सायकली आणि केवळ थ्रॉटलवर चालणारी मंदगती वाहने यांचे दोन स्वतंत्र वर्ग करावेत. दोन्ही वर्गांतील प्रत्येक वाहनाच्या सांगाड्यावर चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, मोटरची शक्ती व कमाल वेग कोरलेला असावा, आणि त्याशेजारी मोबाईलने वाचता येईल असा क्यूआर कोड असावा, जेणेकरून तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याला जागेवरच खातरजमा करता येईल. वाहनाची आणि खरेदीदाराची नोंद विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच, ग्राहकाकडून शुल्क न घेता, करावी. वेगमर्यादा वायर सोडवून किंवा मेनूतून काढता येणाऱ्या मॉडेलला प्रमाणपत्र देऊ नये. अशा मॉडेलमध्ये फेरफार आढळल्यास प्रथम उत्पादक व विक्रेता यांच्यावर कारवाई व्हावी. वाहन थांबवल्यावर कोडची खातरजमा झाली असेल, तर कागदपत्रांअभावी ते अडकवून ठेवू नये.’

वयाची अट १४ लिहावी की १६, यावर गटात एकमत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या पालकांना १४ हवे आहे. थ्रॉटलच्या वर्गासाठी १६ आणि पायडलच्या वर्गासाठी १४ असे लिहावे काय?

---

पदपथी :

थ्रॉटलला १६ आणि पायडलला १४ हे मला मान्य आहे. पदपथावर दोन्ही वर्गांना पूर्ण मनाई आणि रात्री पुढचा-मागचा दिवा सक्तीचा, ही दोन वाक्ये घातलीत तर मी सही करीन, आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही मसुदा वाचून दाखवीन.

---

हबमोटर :

कोरलेला क्रमांक सांगाड्यावर असावा हे ठीक आहे, पण तोच मोटरच्या हबवर आणि कंट्रोलरच्या खोक्यावरही असावा असे लिहा. सांगाडा कोणी बदलत नाही. बदलतात त्या या दोनच वस्तू. आणि सुट्या भागांच्या उपलब्धतेसाठी किमान पाच वर्षे असा आकडा घाला, नुसते ‘पुरेसा काळ’ लिहिले तर उद्या कोणीही हात वर करील.